अंबूबाईंकडची मांजरं

कानडी मुलखातल्या श्रीरामपुरमच्या त्या गल्लीत कुणा सुनेला दिवस राहिले की बातमी दोन वाटांनी फुटायची. वाण्याकडे डिंकाची चौकशी झाली ही एक वाट, आणि अंबूबाईंच्या दारात नवं मांजर दिसलं ही दुसरी. दुसरी जास्त खात्रीची. सहाव्या-सातव्या महिन्यात घरातलं मांजर टोपलीत घालून अंबूबाईंकडे पोचतं व्हायचं. आणणारी बाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणायची, "अक्का, स्वल्प दिवस ठेवून घ्या. बाळ वर्षाचं झालं की नेते." नेलं कुणीच नाही. एकसष्ट साली अंबूबाईंकडे अकरा मांजरं होती, आणि ती ज्या घरांतून आली त्या घरांच्या नावांनीच त्या त्यांना हाका मारायच्या. कित्तूरकरांचा काळू, पाच्छापूरकरांची पांढरी.

आणि गंमत अशी, की मांजर बाहेर काढलं की तीन-चार महिन्यांनी त्याच घरातून अंबूबाईंना बोलावणं यायचं. बाळाला न्हाऊ घालायला. बेळगावकडून लग्न होऊन आलेली, कानडी-मराठी एकाच दमात बोलणारी ही विधवा बाई पाटावर पाय लांब करून बसली, की कितीही रडकं पोर तिच्या नडग्यांवर पालथं पडून गप्प होई. कोमट तेल, डाळीचं पीठ, ऊन पाणी, मग वेखंडाची धुरी. तेवढ्या वेळात बाळाची आई डोक्यावरून पाणी घ्यायची, चार घास सुखानं खायची, एखादी तर चक्क घोरायची. अंबूबाई आहेत म्हटल्यावर काळजी कसली?

मांजर दुधाच्या वासानं तान्ह्या बाळाच्या तोंडावर जाऊन बसतं आणि त्याचा श्वास कोंडतो, असं सगळी गल्ली मानायची. कुणी नव्या विचारांची पोर हसलीच, तर बायका आवाज खाली आणून अंबूबाईंचं घर दाखवायच्या. त्यांचा बावीस दिवसांचा मुलगा मांजरानंच घेतला होता ना! आणि तरी ही बाई मांजरं सांभाळते, काय मन म्हणायचं, संतच की. संत सगळ्यांनाच हवे असतात, आणि शेजारच्या शेजारी फुकटात मिळत असले तर कोण नको म्हणेल?

संतबिंत काही नव्हतं. अंबूबाई मांजरांना भीत होत्या. ती चावतील म्हणून नव्हे. प्रत्येक नवं मांजर टोपलीतून उतरून पहिल्यांदा त्यांच्याकडे बघे, तेव्हा त्यांना वाटे, याला सगळं ठाऊक आहे.

झालं होतं ते असं. बेचाळीस साल. नवरा कृष्णाजी टपाल कचेरीत पत्रं निवडायच्या कामावर. घरात सासू, बाळ आणि जिरी नावाची मांजरी. बाळाला पोटदुखीनं धरलं होतं आणि अंबूबाईंच्या डोळ्याला चार रात्री डोळा नव्हता. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी पडल्या पडल्याच बाळाला पाजायला घेतलं आणि तशीच त्यांना झोप लागली. जाग आली तेव्हा बाळ त्यांच्या अंगाखाली होतं, तोंड छातीत रुतलेलं. त्यांनी ओढून वर घेतलं तर मान लटकली. जिरी पायथ्याशी मुटकुळं करून झोपली होती. तेवढ्यात सासू दारात आली. तिची नजर आधी बाळावर गेली, मग मांजरावर.

"मांजर होतं काय गं त्याच्या तोंडावर?"

अंबूबाईंनी मान डोलावली. एवढंच. तोंडातून शब्दसुद्धा काढला नाही.

संध्याकाळी कृष्णाजीनं जिरीला गोणपाटात घातलं, तोंड सुतळीनं आवळलं आणि सायकलच्या कॅरिअरला बांधलं. आतून नखांची खरखर चालली होती. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं सासू चाचरत म्हणाली. तो म्हणाला, "माझं पोर गेलं, त्याचं सोनं कोण देणार?" आणि येलहंक्याच्या तळ्याकडे गेला. परत आला तेव्हा पोतं रिकामं होतं. त्यानं ते परसातल्या दोरीवर वाळत घातलं, आणि रात्री बायकोला जवळ बसवून स्वतःच्या हातानं ताकभात भरवला. पुढं आठ वर्षांनी तो विषमज्वरानं गेला. तोवर एकदाही त्यानं तिला उणा शब्द ऐकवला नाही, आणि तेच अंबूबाईंना जास्त लागायचं. पदरी पुन्हा मूल नाही. घरात त्यांनी परत कधी पोतं येऊ दिलं नाही. तांदूळसुद्धा डब्यातून आणायच्या. तरी घर शांत झालं की गोणपाटावर नखं ओढल्याचा आवाज यायचा. मग त्या उठून एकेक मांजर मोजायच्या. अकराच्या अकरा झोपलेली असायची.

त्यांनी मान डोलावली आणि गल्लीनं ती खूण गाठीला बांधून ठेवली. दर वर्षी एक-दोन मांजरं घराबाहेर पडत होती ती त्या एका मान डोलावण्यापायी. ती आपल्याकडे आली नाहीत तर त्यांनाही कुणी तळं दाखवील, म्हणून अंबूबाई कुणालाच नको म्हणत नसत.

बासष्टच्या श्रावणात प्रतिमा आली. पुण्याची पोर, नवरा उपेंद्र जालहळ्ळीच्या कारखान्यात इंजिनीयर. सातवा महिना. काखेत बुंदी नावाची पिवळी मांजरी होती, आणि ही बाहेरूनच टोपली ठेवून जाणाऱ्यांतली नव्हती. आत येऊन सरळ जमिनीवर बसली.

"सासूबाईंचं पत्र आलंय," ती म्हणाली. "मांजर घरात असेल तर बाळंतपणाला येणार नाही म्हणतात. उपेंद्रही म्हणतो, अंबूअक्कांकडे देऊन ये. अक्का, या परक्या गावात मी आले ना, तेव्हा दिवसभर बोलायला हिच्याशिवाय कुणी नव्हतं मला. तरी देईन. पण मला एक खरं सांगा. तुमच्या बाळाला मांजरानंच मारलं का?"

वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. आडून बोलले होते, हळहळले होते, पण तोंडावर कुणी विचारलं नव्हतं.

"तुम्ही हो म्हणालात तर मी हिला इथे सोडून जाईन," प्रतिमा म्हणाली. "परत कधी विषय काढणार नाही."

म्हणजे काम सोपं होतं. पुन्हा एकदा मान डोलवायची. अंबूबाईंनी आपल्या पायांकडे पाहिलं. वर्षाला पाच-सहा बाळं या नडग्यांवर न्हायची. ओल्या जावळाचा वास, तेलानं बुळबुळीत झालेली ती एवढीशी पाठ. जगण्यातलं सुख म्हणून काय ते तेवढंच उरलं होतं. जिच्या अंगाखाली पोटचं पोर गेलं तिच्या पायांवर कोण आपलं मूल देणार? त्यांना ते सुख सोडवत नव्हतं, अगदी सोडवत नव्हतं. पण बुंदी प्रतिमाच्या मांडीवरून उतरली आणि त्यांच्यासमोर येऊन बसली. तिच्या नजरेत काही नव्हतं, भूक असेल फार तर. अंबूबाईंना मात्र ती नजर सोसली नाही.

"नाही गं पोरी," त्या म्हणाल्या. "मांजर पायथ्याला होतं. ते झोपलं होतं, मी बी झोपले होते. माझ्या अंगाखाली आलं बाळ. सासूनं विचारलं, मांजर होतं काय, आणि मी मान हलवली. घाबरले की गं. तेवीस वर्षांची होते."

प्रतिमानं अंबूबाईंचा हात हातात घेतला आणि ती रडली. "मी कुणाला सांगणार नाही, अक्का. उपेंद्रलासुद्धा नाही." जाताना बुंदीला उचलून घेऊन गेली. त्या संध्याकाळी अंबूबाईंना हलकं वाटलं. खरं बोललं की हलकं वाटतं असं सगळेच सांगतात. पुढच्या दिवसांचं कुणी काही सांगून ठेवलेलं नाही.

प्रतिमानं शब्द पाळला. गल्लीत कुणाला काही कळलं नाही. बुंदी घरातच राहिली. सासूबाईही शेवटी आल्या, नातवापुढे मांजराचा राग किती दिवस टिकणार? दिवाळीनंतर मुलगा झाला आणि बाराव्या दिवशी अंबूबाईंना बोलावणं आलं. नवं लुगडं नेसून, नखं काढून त्या गेल्या. सासूबाई देवळात गेल्या होत्या. बुंदी खिडकीत उन्हाला बसली होती. बाळाला पाहून अंबूबाईंना भरून आलं. मांजर असलेल्या घरात, ते बाहेर न काढता आलेलं हे पहिलंच बाळ होतं.

"जा, तू जेवून घे," त्या नेहमीसारख्या म्हणाल्या.

"नको, भूक नाही," प्रतिमा म्हणाली आणि समोर स्टूल ओढून बसली.

अंबूबाईंनी बाळ पायांवर घेतलं, पाठीला तेल लावलं. प्रतिमा त्यांच्या हातांकडे बघत होती. बाळ पालथं घातलं तशी ती पुढं झुकली. पाणी ओतताना तिच्या ओठांची हालचाल चालली होती, जणू तांबे मोजत होती. स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा फसफस आवाज आला, मग करपल्याचा वास. अंबूबाई म्हणाल्या, "दूध गेलं बघ." प्रतिमा म्हणाली, "जाऊ दे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आपण काय करतोय हे तिला समजत होतं आणि तिला त्याची लाज वाटत होती. तरी ती जागची हलली नाही.

धुरी देऊन, दुपट्यात गुंडाळून बाळ पेंगायला लागलं. एरवी अंबूबाई ते घटकाभर मांडीवर घेऊन बसायच्या. आज अंबूबाई हात पुसताहेत तोवरच प्रतिमानं ओटी पुढं केली होती. त्यांनी बाळ दिलं.

"उद्यापासून दुसरी कुणी बघ गं," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे धरायलेत."

"सरी, अक्का, चालेल," प्रतिमा लगेच म्हणाली.

गुडघ्यांना काय झालं, ते तिनं विचारलं नाही.