पियानोची रेकॉर्ड आणि सासऱ्यांची खोली

माझ्या धाकट्या दिरांना पियानोचं वेड आहे. वाजवायचं नाही, ऐकायचं. गारखेड्यातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये त्यांनी कमरेएवढे दोन स्पीकर आणून ठेवले आणि हॉल त्यांचाच झाला. शेजारच्या खोलीत सासरे पडून असत. अर्धांगवायूनं डावी बाजू गेलेली. नवरा शेंद्र्याला कंपनीत, शिफ्टमध्ये. त्यामुळं बाबांचं सगळं माझ्याकडं.

एका रविवारी भाऊजींनी ऑफिसातली दोन जोडपी बोलावली. परदेशातून एका पियानोवादकाची रेकॉर्ड मागवली होती. "एकच साधी सुरावट, वहिनी, आणि तिची वीस-पंचवीस रूपं. एकापेक्षा एक अवघड. दोनच हातांनी वाजवतोय यावर विश्वास बसत नाही." असं म्हणत त्यांनी बाबांच्या दाराशी अगरबत्ती लावली. पाहुण्यांना वास नको म्हणून. तिथंच माझं डोकं फिरलं, पण मी गुमान चहा टाकायला गेले.

सुरुवातीला वाजत होतं ते खरंच गोड होतं. मग वेग वाढत गेला. पाहुणे माना डोलवत होते. तेवढ्यात बाबांची हाक आली, बारीक, घोगरी. भाऊजींनी ऐकली, मला ओट्यापासून दिसत होतं. डोळे न उघडता त्यांनी हात लांब केला आणि आवाज वाढवला.

आत गेले तर बाबांना जुलाब झालेले. चादर, सदरा, पाठ, सगळं भरलं होतं. बाबा भिंतीकडं तोंड करून होते. एकटीला त्यांना कुशीवर वळवता येईना.

"भाऊजी, जरा या, धरायला पाहिजे."

दार बोटभर उघडलं. भाऊजींच्या नाकाला रुमाल.

"शेवटचं आलंय वहिनी. पाचच मिनिटं."

आणि दार लागलं.

घाणीची मला कधीच सवय झाली होती. किळस आली ती त्या रुमालाची. तशाच हातांनी मी हॉलमध्ये गेले आणि रेकॉर्डवरची सुई ओढली. स्पीकर केवढ्यांदा खरखरले.

"तुमचे वडील घाणीत पडलेत. चला आत."

भाऊजी रेकॉर्ड उजेडात धरून बघत होते. "चरा पडला," ते म्हणाले.

पाहुण्यांतली एक बाई उठली. ओढणी कमरेला बांधली, माझ्यामागं आत आली आणि बाबांचे खांदे धरले. तिचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. आम्ही दोघींनी त्यांना पुसलं, चादर बदलली. बाबा जरा सावरले आणि म्हणाले, "बंद कामून केलं गं? लई भारी वाजवीत व्हता."

ती बाई हसली. मला हसू आलं नाही.

भाऊजी पुढं वेगळ्या फ्लॅटमध्ये गेले, स्पीकर घेऊन. बाबा अधूनमधून म्हणायचे, "ते लाव ना, त्या दिवशीचं." मी मोबाइलवर लावून उशीशी ठेवायची आणि ते संपेपर्यंत गॅलरीत कपडे वाळत घालत बसायची. बाबा गेल्यावर पुन्हा कधी लावलं नाही.

भाऊजी अजून मला असल्या रेकॉर्डिंगच्या लिंका पाठवतात. खाली लिहितात, जरूर ऐका. मी न उघडता डिलीट करते.