गुंजी डावीकडे, निपाणी उजवीकडे

"अगं, उलटी बसलीस. सर निपाणीत पाऊस पाडायलेत बघ."

लायब्ररीत एक मुलगी दुसरीला हे अगदी काळजीने सांगत होती, आणि दुसरी मोबाईल नि डबा उचलून मुकाट्याने टेबलाच्या पलीकडे जाऊन बसली. आमच्या कॉलेजात यात कुणाला नवल वाटत नसे. ऑनलाइन शिकवण्यावर आमच्या भूगोलाच्या सरांइतकी श्रद्धा असलेला माणूस उभ्या जगात दुसरा नसेल.

कॉलेजने ई-लर्निंगचं पोर्टल घेतलं, तेव्हा बाकीच्या प्राध्यापकांनी जुन्या नोट्सचे फोटो त्यावर टाकले आणि सुटले. सरांनी मात्र रिकाम्या वर्गात उभं राहून प्रत्येक धडा पुरता शिकवला. गुंजी आमच्या गावाच्या दक्षिणेला, निपाणी उत्तरेला, आणि वर्गात आम्ही पश्चिमेला तोंड करून बसायचो. त्यामुळे गुंजीचा धो धो पाऊस सांगताना सर आमच्या डावीकडे हात करत, आणि घाटाआडची कोरडी निपाणी दाखवताना उजवीकडे. व्हिडिओतही तसंच. म्हणून प्रत्येक व्हिडिओखाली त्यांची सूचना असे : 'मोबाईल पश्चिमेच्या भिंतीला टेकवावा.' कॅम्पातल्या आमच्या घरात त्या भिंतीला शेगडी आहे, त्यामुळे पर्जन्यछाया मी कुकरशेजारी शिकले. येळ्ळूरच्या एका मुलाकडे त्या बाजूला गोठा होता. तो म्हणाला, "सर, आमची म्हस पास हुईल, माझं काय सांगता येत न्हाय." सर गंभीरपणे म्हणाले, "मग तिला पुढं बसव."

व्हिडिओत शिकवता शिकवता ते मध्येच दाराकडे बघून म्हणत, "ये रं, आत ये. गाडी चुकली व्हय?" कुणीतरी उशिरा येणारच, हा त्यांचा हिशेब. व्हिडिओ थांबवायचाच असेल तर त्यांचा हात खाली आल्यावर थांबवावा, अशीही विनंती असे. "हात वर करून उभा करता मला आणि जेवायला जाता. खांदा धरतोय माझा!" हे ते गमतीने म्हणत की खरंच, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

प्रश्न विचारला की व्हिडिओतले सर उत्तरासाठी थांबत. "तिसऱ्या बाकावरची, खिडकीजवळची, तू सांग गं." ती जागा माझी. सर त्या रिकाम्या बाकाकडे बराच वेळ बघत राहत आणि मग म्हणत, "सांगेल. आज न्हाय तर उद्या सांगेल." मी इंग्रजी शाळेतून आलेली. उत्तर मनात आधी इंग्रजीत जुळायचं, मग मराठीत, तोवर तास संपलेला असायचा. शेगडीपाशी एकटी असतानाही मी गप्पच राहायचे.

प्रिन्सिपॉलांना हे व्हिडिओ फार आवडले. इतके, की त्यांनी ठरवलं, एक धडा लॅबमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवायचा. कुणालाच शंका आली नाही, तर पुढच्या सेमिस्टरपासून सरांचे तास बंद आणि सर ऑफिसच्या कामाला. सर भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तिथं बी मीच शिकवतोय न्हवं? मग मीच माझ्या आड कसा येऊ?"

त्या दिवशी ते सगळ्यांत मागच्या बाकावर बसले होते. खिशात खडू असावा, कारण खिशाची कड पांढरी झाली होती. लॅबचा पडदा पूर्वेच्या भिंतीवर. पडद्यावरच्या सरांनी गुंजी म्हणून हात केला तो थेट निपाणीकडे, आणि मागचे सर ताडकन उठले. "थांबवा! निपाणीची तंबाखू भिजायलीय!"

सगळा वर्ग हसला. प्रिन्सिपॉलही हसले. "वाळवू की आम्ही. बसा सर तुम्ही."

सर बसले. पडद्यावर तिसऱ्या बाकाची पाळी आली. "सांगेल. आज न्हाय तर उद्या सांगेल," पडद्यावरचे सर म्हणाले आणि व्हिडिओ संपला.

"हं, कुणाला शंका?" प्रिन्सिपॉलांनी विचारलं. सगळ्यांना घरी जायची घाई होती. कुणी हललं नाही. "छान," ते म्हणाले. मी मागे वळून पाहिलं. सरांनी खिशातून खडू काढून बाकावर ठेवला होता, आणि ते बोटांवरची पूड झटकत होते.

मी उभी राहिले आणि पडद्याकडे पाठ केली. आता माझं तोंड पश्चिमेला होतं, आणि समोर सर. मनात वाक्य जुळवायला वेळच नव्हता.

"सर, गुंजी तिकडं न्हाय. मला कायच कळलं न्हाय. तुम्ही परत सांगा."