म्हशीमार्फत

ऐंशीच्या दशकात लग्न होऊन मी धुळ्याहून अमळनेरकडच्या एका खेड्यात आले. तिथे सासरे सुनेशी बोलत नसत. भांडण नव्हतं, रीतच तशी. माझे सासरे, आबा, उंबऱ्याशी खाकरायचे आणि मी पदर ओढून दाराआड व्हायचे. मी दोन हातांवर उभी असले तरी ते सासूबाईंना म्हणायचे, "तिले सांग, चहा ठेव."

मला भारी राग यायचा. माझं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. अभ्यास झालेला आणि लेखी परीक्षेच्या तोंडावर लग्न. आपल्याही डोक्यात काही आहे हे या घरात कुणाला कधी कळणारच नाही, या विचाराने मी भाकरी थापता थापता रडायचे. नवरा चाळीसगावला नोकरीला, शनिवारी यायचा. राहिलेल्या पेपरांचं आबांना विचारतो म्हणायचा आणि सोमवारी न विचारताच निघायचा. मुलखाचा भित्रा.

वर्तमानपत्र दुपारच्या एसटीने यायचं. आबा ओट्यावर बसून ते मोठ्याने वाचायचे. एकदा रविवारच्या पुरवणीत आलं होतं, की परदेशात मोठमोठ्या तबकड्या आकाशाकडे लावून शास्त्रज्ञ कान देऊन बसलेत. दुसऱ्या कुठल्या ग्रहावर शहाणीसुरती माणसं असली, तर त्यांची हाक ऐकू यावी म्हणून. आबा वाचायचे थांबले आणि वर आभाळाकडे बघत म्हणाले, "तठे कोणी शे का बरं?"

"रिकामा धंदा," सासूबाई डाळ निवडत म्हणाल्या.

आबांच्या डोक्यातून ते जाईना. पुढचे कितीतरी दिवस ते कडुनिंबाच्या फांद्यांमधून वर बघत बसलेले दिसायचे. मीही दाराआड तेच करायचे. दुपार सुस्त, वाऱ्यावर कुठूनतरी कापसाचे तंतू तरंगत आलेले. डोळे अर्धे मिटले, की वाटायचं, त्या दूरच्या ग्रहावरही एखादी बाई अशीच दाराआड उभी असेल. तिला सगळं ठाऊक असेल आणि तिला कुणी विचारत नसेल. तिची मला फार माया वाटायची.

एका सोमवारी सासूबाई अमळनेरच्या बाजाराला गेल्या. घरात आम्ही दोघंच. आबा बराच वेळ चुळबुळ करत होते. शेवटी समोर बांधलेल्या म्हशीला म्हणाले, "त्या वरला लोक बोलतंस, तर आपले ऐकू का येत नही?"

म्हैस रवंथ करत राहिली. माझ्या मात्र जिभेवर आलेलं मागे जाईना. "म्हशे," मी दाराआडून म्हणाले, "आबांना सांग, फार लांब आहेत ना ते. सगळ्यांत जवळच्या ताऱ्याचा उजेड यायलाच चार वर्षं लागतात. लांबच्या ताऱ्यावरून आजोबांनी विचारलं, तर उत्तर नातवाच्या हाती पडायचं."

मग आबा म्हशीला हळूच म्हणाले, "इले हाई बठ्ठं कोनी शिकाडं व्हई?"

हे सगळं कुणी शिकवलं, ते मी सांगून टाकलं. कॉलेज, राहिलेले पेपर, सगळंच. ते ऐकून आबा उठून शेताकडे निघून गेले. मी दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या.

रात्री जेवताना ते सासूबाईंना म्हणाले, "तिना परीक्षाना फारम भरनं शे." सासूबाईंच्या हातातला घास हातातच राहिला.

परीक्षेला धुळ्याला मला आबाच घेऊन गेले. नवऱ्याला रजा मिळाली नव्हती. रोज मी पेपर लिहायचे आणि ते फाटकाबाहेर झाडाखाली बसून असायचे, दुपारी बारा ते तीन. शेवटच्या दिवशी मी बाहेर आले, तर ते उठून समोर आले. आजूबाजूला मधे घालायला कुणीच नव्हतं.

"पेपर कसा गया?" त्यांनी मलाच विचारलं.

"चांगला गेला, आबा," एवढं म्हणाले आणि भर रस्त्यात मला रडू कोसळलं. आबा गोंधळले. त्यांना वाटलं, पेपर अवघड गेला.

"जाऊ दे," ते म्हणाले, "पुढला साल परत बसजो. मी शे ना."