सहा बोटांचा साथी

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी झाली तेव्हा दुकानांवरच्या पाट्या उतरल्या आणि गोठ्यांवर चढल्या. पत्रा चांगला जाड होता. कुणी कोंबड्यांच्या खुराड्याला लावला, कुणी न्हाणीला आडोसा केला. कुरखेड्याकडच्या आमच्या गावात त्या काळी बऱ्याच म्हशी बिअरच्या जाहिरातीखाली रवंथ करत. आता शहरातले लोक असल्या पाट्यांना 'व्हिंटेज' म्हणतात आणि दिवाणखान्यात टांगतात. मला मात्र अशी पाटी दिसली की आधी पोहे आठवतात आणि मग माझा चुलतभाऊ.

तो माझ्याहून थोडा मोठा. घरं भिंतीला भिंत लागून. माझ्या सोयरिकीसाठी आरमोरीहून मुलीचे वडील येणार होते, त्याच सकाळी याने आमच्या ओसरीसमोरच्या गोठ्याच्या दाराला एक पाटी ठोकली.

"हे काऊन ठोकून राह्यला, भाऊ?" मी विचारलं.

"दाराले भोक पडलं ना बे! पाहुण्याईले भोक दाखवतं का?"

मला त्याचं म्हणणं पटलं. माझी अक्कल पहिल्यापासून अशीच.

पाटी हाताने रंगवलेली होती. हिरव्यागार गवतावर सफारी सूट घातलेला, गालावर कल्ले राखलेला एक गृहस्थ, हातात फेसाने भरलेला मग, आणि खाली हिंदीत 'हर शाम का साथी'. पाहुण्यांची बाज बरोब्बर तिच्यासमोर. मुलीचे वडील दारूबंदीच्या मोर्च्यात पुढे चालणारे. त्यांनी पोह्यांचा पहिला घास घेतला, मान वर केली आणि ती ओळ मोठ्याने वाचली.

"पोरगा काय करते?" त्यांनी विचारलं.

"शेती," बाबा म्हणाले.

"दिवसा शेती. अन् संध्याकाळी?"

भिंतीपलीकडून खदाखदा हसू आलं. चुलतभावाचंच. पाहुण्यांनी बशी खाली ठेवली, चहालाही थांबले नाहीत. मी आजवर बिअरचा थेंब चाखलेला नाही, पण त्या दिवसापासून गावाने माझं नाव 'साथी' पाडलं. किराणा दुकानात साथी, ग्रामसभेत साथी, धान रोवताना बांधीतल्या चिखलातही साथी.

पाटी मी उतरवली, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवली आणि ठरवलं, ही एक दिवस याच्याच घरात, याच्याच पाहुण्यांसमोर टांगीन. दर दिवाळीला खाली काढून तेलाच्या बोळ्याने पुसायचो. पाटी गंजली असती तर सूडही गंजला असता. पुसता पुसता त्या गृहस्थाशी ओळख वाढली. बिअरचा मग धरलेल्या त्याच्या हाताला सहा बोटं होती. रंगवणाऱ्याचा हात जरा जास्तच चालला असावा.

पुढे माझं लग्न झालं, दुसरीकडे, आणि चांगलं झालं. एका दिवाळीत बायको दारात उभी राहून माझं पुसणं बघत होती.

"अवो, आरमोरीची सोयरीक मोडली म्हणून बदला घेता ना तुमी?"

"हो."

"मंग मी काय, शिक्षा हाये का?"

मी समजावलं की बदला मुलीचा नाही, त्या हसण्याचा आहे. तिला ते किती पटलं माहीत नाही. पुढचे काही दिवस वरण अळणी होतं.

इकडे चुलतभाऊ मोठा माणूस झाला. गावातल्या दारूबंदी समितीचा अध्यक्ष. दारूने घर कसं मोडतं यावर तो भाषण करायचा आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचो. माणूस जितका उंच चढेल तितकं बरं, असा माझा हिशोब.

शेवटी त्याच्या मुलाची सोयरीक निघाली. सिंदेवाहीहून मुलीचे वडील घर पाहायला येणार, रेल्वेतून निवृत्त झालेले. मी सकाळपासून मदतीला हजर. चुलतभाऊ पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेला आणि मी बैठकीच्या भिंतीवरचा त्याचा सत्काराचा फोटो काढून तिथे पाटी टांगली. बायकोने बारक्या आवाजात "नका करू" म्हटलं. मी केलं.

पाहुणे आत आले. मागून येणाऱ्या चुलतभावाला पाटी दिसली आणि तो उंबऱ्यातच थिजला. मी पोह्यांची बशी पुढे केली. पाहुण्यांनी मान वर केली. मी एवढी वर्षं ज्या क्षणासाठी तेल खर्च केलं, तो हाच.

पाहुणे उठले. चपला शोधतील म्हणून मी वाट मोकळी केली, तर ते बाकावर चढले.

"अरे बापरे! हातानं रंगवलेली हाये! अन् हे पाहा, सहा बोटं! व्याही, हे तुमाले भेटली कुठी?"

व्याही! मुलगी अजून दाखवायची होती आणि हा व्याही झाला! गृहस्थांना जुन्या जाहिरातींच्या पाट्या जमवायचा नाद होता. साबणाच्या, सायकलच्या, बिअरच्या. अशी कदर करणाऱ्या घरातच पोरगी द्यायची, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं. चुलतभावाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या लहान्यानं जपून ठेवली होती." लग्नात मला शाल-नारळ मिळालं. शाल पांघरूनच मी जेवलो. घरी आल्यावर बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

पण त्या सहा बोटांनी काम अर्धवट सोडलेलं नव्हतं. एकटी पाटी उघडी दिसते म्हणून व्याही दिवाळीला बिअरचा ट्रे घेऊन आले. संक्रांतीला सोनेरी अक्षरांचा आरसा आणला, मग थंड्या बाटलीशेजारी बाई बसलेलं जुनं कॅलेंडर. सगळं स्वतः ठोकून द्यायचे आणि दोन-दोन दिवस मुक्काम ठोकून कौतुक करायचे. मुलीच्या बापाला 'नको' कोण म्हणणार? समितीची बैठक त्याच खोलीत व्हायची. एकदा बचत गटाच्या एका बाईने भिंती न्याहाळून विचारलं, "अध्यक्षभाऊ, ठराव इथंच लिवाचा, का आधी काई थंडं मागवता?"

त्या संध्याकाळी चुलतभाऊ माझ्या ओसरीत येऊन बसला.

"लहान्या, तुही पाटी घेऊन जा बे. ते गेली का बाकीचंबी काढतो. व्याह्याले सांगतो, मालकानं वापस मागतली."

"दिलेली वस्तू मी वापस घेत नाई, भाऊ."

"मले लाज येऊन राह्यली रे गावात."

"पोहे खाशीन?" मी विचारलं.

त्याने बशी पुढे ओढली. मग पोहे खाल्ले. सगळे.

परवा कुरखेड्याच्या बाजारात मागून हाक आली, "ओ साथी!" मी सवयीने वळलो. भाजीवाली माझ्याकडे बघतही नव्हती. ती हाक पलीकडे वांगी निवडणाऱ्या चुलतभावाला होती. त्याने मान वर केली नाही, पण कान लाल झाले. मी तिथेच उभा राहून पोटभर हसलो. मग भाजीवालीने मला विचारलं, "अन् तुमी कोण वो, भाऊ?"