ग्लेनिसचं मशीन

हेंडरसन गावातल्या आमच्या ट्रेलर पार्कात, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीत, ग्लेनिस टटलकडे गेलं की सोफ्यावर बसता येत नाही, कारण सोफा तिच्या नवऱ्याने, मर्लने, विकून टाकला. त्या जागी आता कॅसिनोने मोडीत काढलेलं पोकरचं मशीन उभं आहे, खऱ्या बटणांचं. चहाची एकच पिशवी दोनदा बुडवणारा हा माणूस मशीन विकत घेतो, हे माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना.

ग्लेनिसने सत्तावीस वर्षं कॅसिनोत लोकांना नोटांची नाणी करून दिली. मी तिथेच दारूचे ग्लास फिरवायचे. हा खेळ तिनेच मला शिकवला: पाच पानं येतात, हवी ती धरायची, बाकीची बदलून घ्यायची. "दुर्री म्हणजे जोकर, डोरीन. नवरा टाकलास तरी चालेल, दुर्री टाकू नकोस."

नाताळात रीनो शहरात राहणाऱ्या तिच्या मुलीने कॉम्प्युटरवर सराव करायचा पोकर पाठवला. पान चुकलं की तो टूं करतो आणि शेवटी चुका मोजून दाखवतो. आधी चार झाल्या, मग अकरा, मग तेवीस, आणि ग्लेनिस ते आकडे मुलीला फोनवर सांगायची. ग्लेनिसची आई शेवटी स्वतःचं नावसुद्धा विसरली होती, त्यामुळे मुलगी घाबरली. "डॉक्टरकडे जा" म्हणून तिने धोशा लावला. आणि एप्रिलमध्ये मर्लने हे मशीन आणलं.

"यावर माझं एकही पान चुकत नाही," परवा दुपारी ग्लेनिस मला म्हणाली. "दिवसभर खेळते, गुणांचा आकडा जिथल्या तिथे. मग ते कॉम्प्युटरचं डबडं मला खुळी का ठरवतंय? मला काही कळेनासं झालंय बघ. तू शेजारी बस आणि सांग, कुणाचं खरं?"

मी बसले. राग मला कॉम्प्युटरचाच होता. तिची बोटं तर अशी झरझर चालत होती! गुलामाची जोडी धरली, बरोबर. चार बदाम धरले, बरोबर. मग दोन राजे आणि एक दुर्री आली. तिने राजे धरले आणि दुर्री टाकली.

मशीन काहीच बोललं नाही, नवी पानं देऊन मोकळं झालं. मला वाटलं, माझीच नजर चुकली. पुढच्या डावात परत दुर्री गेली.

ती सरबत आणायला आत गेली तसा कोपऱ्यात बसलेला मर्ल उठला. खिशातून किल्ली काढून त्याने मशीनच्या बाजूच्या कुलपात फिरवली, आणि घसरलेला गुणांचा आकडा भराभर वर चढला.

"मर्ल, हा काय चावटपणा?"

"हळू बोल."

"अरे, तिला डॉक्टरकडे ने!"

"नेलं होतं. मार्चमध्ये. ती विसरली."

"आणि पोरीला?"

"नाही सांगितलं. माझ्याच्याने होत नाही."

तेवढ्यात ग्लेनिस ग्लास घेऊन आली. "हं, सांग. कुणाचं खरं?"

मी तोंडाची फटकळ, साऱ्या पार्काला ठाऊक आहे. पण मर्ल खाली बघत होता.

"मशीनचं," मी म्हणाले.

"बघ! ऐकलंस, मर्ल?" तिने मला मिठीच मारली. मग फोन उचलून नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "आता हेच त्या पोरीला सांग. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल."

पलीकडून मुलगी "हॅलो" म्हणाली.