फेकू नगं, कात!

आमच्या इंग्रजीच्या मॅडम बोलताना उजव्या हाताचा अंगठा आणि बोटं हवेत चोळत राहायच्या. चुटकी वाजवता वाजवता राहून गेली आहे, असं बघणाऱ्याला वाटायचं. एखाद्या शब्दाचा अर्थ सांगायची वेळ आली की बोटं आणखी जोरात चालायची. रहाटणीतल्या पालिकेच्या शाळेत आम्ही तेव्हा आठवीत होतो. आम्ही त्यांचं नाव ठेवलं फिरकी मॅडम. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "नाव झकास आहे. पण फिरकीला इंग्रजीत काय म्हणतात ते सांगा बघू."

कुणी 'राउंड' म्हणालं, कुणी 'सर्कल'. मग त्यांनीच फळ्यावर लिहिलं, स्पिन.

शब्द एकदा हातात आला की मॅडम त्याला सहजासहजी सोडत नसत. 'स्पिन म्हणजे फिरणे' असं लिहून आम्ही वह्या मिटायला लागलो, तर म्हणाल्या, "थांबा. वैशाली, काल संध्याकाळी तू मंडईत फिरत होतीस. ते स्पिन होतं का?" वर्ग हसला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते ते रिव्हॉल्व्ह, आणि स्वतःभोवती गरकन फिरते ते स्पिन, हे मला त्या दिवशी कळलं, ते आजतागायत लक्षात आहे. त्या स्वतः कॉलेजात नव्या असताना ताप भरला म्हणून प्राध्यापकांना 'माय हेड इज रोटेटिंग' असं सांगून बसल्या होत्या. "सगळा वर्ग वळून माझी मान बघायला लागला," त्या सांगायच्या. "गरगरणाऱ्या डोक्याला स्पिन म्हणायचं, हे मी असं शिकले. तुम्हाला फुकटात मिळतंय, घ्या!"

माझे वडील चाकणला एका कंपनीत फिटर. त्यांनी जुनी मोटरसायकल घेतली तेव्हा मी मॅडमना पेढे दिले. पेढा तोंडात टाकत त्यांनी विचारलं, "मग, डिड यू गो फॉर अ स्पिन?"

मी घाबरून म्हटलं, "नाही मॅडम, पप्पा गाडी हळू चालवतात."

"अगं, गाडी घसरली का नाही विचारत! चक्कर मारून आलीस का, असं विचारतेय. आपल्याकडे नाही का चक्कर येतेही आणि मारताही येते? तसंच आहे ते."

आमच्या वर्गात रुक्सार होती. हुशार, पण वर्गात तोंड न उघडणारी. तिच्या अब्बूंचं वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. ती एकदा हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या दुकानात सगळ्या मशिनींवर हा शब्द असतो. कपडे पिळायच्या बटनावर." मॅडमना कोण आनंद झाला! "बघा, हिच्या घरी शब्द माझ्याआधी पोचला!" असं म्हणत त्यांनी रुक्सारला पुढच्या बाकावर आणून बसवलं. ती पुढं कधी मागं गेली नाही.

स्पिनचा सगळ्यात जुना अर्थ त्यांनी शेवटी सांगितला. कातणे. मॅडम माण तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरच्या. त्यांची आई मेंढरांमागं चालता चालता टकळीवर लोकर कातायची. बोटांनी टकळीला पीळ दिला की ती गरगरत खाली जायची आणि वर धागा तयार होत राहायचा. मॅडम लहानपणी आईच्या बरोबरीनं कातायच्या. हवेतली चुटकी कुठून आली, ते आम्हाला तेव्हा उमगलं.

त्याच वर्षी आमच्या खेळाच्या सरांची बदली झाली. मुख्याध्यापक मुलींचा खेळाचा तास गणिताला देऊन टाकणार होते. शाळांच्या क्रिकेट स्पर्धेत मुलींचा संघ नोंदवला होता, तोही रद्द होणार होता. मॅडम त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, तो तास मला द्या."

"तुम्हाला क्रिकेट येतं?"

"एक शब्द येतो."

सर हसले. पण म्हणाले, "ठीक आहे. मात्र पोरी पहिल्याच सामन्यात हरून आल्या, तर तास गणिताला."

दुसऱ्या दिवशी मॅडम मैदानावर चेंडू आणि टकळी, दोन्ही घेऊन आल्या. आम्हाला जोरात चेंडू टाकता येत नव्हता; त्यांचं म्हणणं, जोर हवाय कुणाला? "स्पिनर म्हणजे कातणारी. बोटांनी पीळ द्या आणि हळूच सोडा." आधी सगळ्यांनी टकळी फिरवायची, मग चेंडू. पलीकडच्या वर्कशॉपमधले कामगार जेवणाच्या सुट्टीत भिंतीवरून आमची गंमत बघायचे. "मॅडम, स्वेटर विणायचाय का?" असं कुणीतरी ओरडलं. मॅडमनी त्यालाच बॅट धरायला बोलावलं. रुक्सारचा चेंडू टप्पा पडून असा वळला की तो गडी बॅट फिरवून स्वतःभोवतीच फिरला. "हेही स्पिनच," मॅडम आम्हाला म्हणाल्या.

पहिला सामना आम्ही जिंकलो. मग दुसरा. तास वाचला, आणि बघता बघता आम्ही अंतिम सामन्यात जाऊन पोचलो.

तो तळवड्याजवळच्या मैदानावर झाला. समोर एका मोठ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या मुली, पांढरेशुभ्र कपडे, प्रत्येकीची स्वतंत्र बॅट. आमच्याकडं एकच किट आणि सीमारेषेवर छत्री धरून उभ्या असलेल्या मॅडम. आम्ही जमवलेल्या धावा थोड्याच होत्या. शेवटचं षटक आलं तेव्हा त्यांची शेवटची जोडी खेळत होती, जिंकायला एका चौकाराहून थोडं जास्त हवं होतं, आणि समोर त्यांची उंच कॅप्टन. चेंडू रुक्सारच्या हातात.

तिनं घाईनं टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर सरळ चौकार गेला. आता एका फटक्याचा प्रश्न. रुक्सारचा चेहरा उतरला. यष्टींमागून मला ती चेंडू जोरात टाकायला लांब मागं जाताना दिसत होती.

एरवी शुद्ध बोलणाऱ्या आमच्या मॅडमनी छत्री टाकून दिली आणि त्या सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "रुक्सार! फेकू नगं गं, कात!"

रुक्सारनं डोळे मिटून एक श्वास घेतला. चेंडू हवेत उंच गेला, कॅप्टन पुढं सरसावली, टप्पा पडला आणि चेंडू गरकन आत वळला. तिची मधली यष्टी माझ्या पायाशी येऊन पडली.

मग काय झालं ते नीट सांगता येत नाही. आम्ही सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडलो होतो. त्या ढिगाजवळ ती उंच कॅप्टन आली, रुक्सारचा हात हातात घेऊन म्हणाली, "हाऊ डिड यू स्पिन इट सो मच?"

वर्गात इंग्रजीचं एक वाक्य न बोललेली रुक्सार ताठ उभी राहिली. "माय टीचर्स मदर स्पिन्स वूल," ती म्हणाली. "आय स्पिन बॉल."

"द बॉल, रुक्सार! द बॉल!" मागून मॅडम ओरडल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी चूक सोडली नाही.

पुढच्या वर्षी मैदानावर एवढ्या मुली आल्या की मुख्याध्यापकांनी स्वतःच दोन संघ करायला सांगितले. गणिताचं नाव पुन्हा निघालं नाही. आज रुक्सार जिल्ह्याच्या संघाकडून खेळते. मी चाकणच्या एका कंपनीत नोकरी करते, बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांशी न अडखळता इंग्रजी बोलते, आणि एखादा शब्द नवा वाटला तर तिथंच विचारून घेते.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभ हॉलमध्ये ठरला होता. जुन्या-नव्या मुलींनी हट्ट करून तो मैदानावर आणला. भाषणं झाली, शाल झाली. मग कुणीतरी मॅडमच्या हातात बॅट दिली. त्यांनी जन्मात बॅट धरली नव्हती. "अगं येड्यांनो, मला कुठं येतंय," असं म्हणत त्यांनी पदर खोचला. रुक्सार चेंडू टाकायला धावली. मॅडमनी डोळे गच्च मिटून बॅट फिरवली, आणि चेंडू भिंतीवरून थेट वर्कशॉपच्या पत्र्यावर जाऊन दणकन आदळला.

मॅडमनी डोळे उघडले. "गेला?" त्यांनी विचारलं.

चेंडू आणायला कुणीच गेलं नाही. आम्ही सगळ्या त्यांना उचलून घ्यायला धावलो होतो.