अडीच सामन्यांचे प्रशिक्षक

क्रॉयडनमध्ये माझ्या मुलीच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक ऑस्ट्रेलियाचे होते. तिकडच्या फुटबॉलमध्ये अंडाकृती चेंडू हातांनीही झेलतात. त्या खेळात ते वरच्या श्रेणीत तीन सामने खेळले होते. "फक्त तीन?" असे कोणी हिणवले की ते शांतपणे दुरुस्ती करत, "अडीच. तिसऱ्यात गुडघा गेला."

अंतिम सामन्याच्या मध्यंतरात मुलीचा गुडघा सुजला. मी बाम चोळला, क्रेप बँडेज करकचून बांधले आणि म्हणालो, "कोच, शी इज फाइन. पाठवा तिला."

"कोणी ठरवलं?"

"मी तिचा बाप आहे!"

"माझ्या बापानेही त्या तिसऱ्या सामन्यात मला असंच पाठवलं होतं, टाळ्या वाजवत!" ते कडाडले. खाली बसून त्यांनी तिचे बूट काढले, स्वतःच्या पिशवीत कोंबले आणि चेन ओढली. मुलगी रडू लागली.

सगळ्या पालकांसमोर मी त्यांना नाही नाही ते बोललो. ते तिच्या गुडघ्यावर बर्फ धरून बसले. आम्ही हरलो.

गाडीत मुलगी पुटपुटली, "बाबा, इट रिअली हर्ट्स."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी खेकसलो.

"तू विचारलंच नाहीस."